ध्वनिमुद्रिकेची सुई व तिची निगा

गिरगांव-दादरकडील कांहीं जुन्या बिऱ्हाडांत केसरबाई केरकर, हिराबाई बडोदेकर यांच्या ध्वनिमुद्रिका आजही जपून ठेवलेल्या आढळतात. तबकडी जपणारे पुष्कळ. परंतु तिला बोलकी करणारी सुई जपणारे थोडे. म्हणून त्या सुईविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तबकडीवरील नागमोडी चरांतून फिरतांना सुई थरथरते. जुन्या ग्रामोफोनांत ही थरथर अभ्रकाच्या पडद्यास पोंचून आवाज निघे. आजच्या यंत्रांत हिऱ्याचें टोंक एका बारीक दांडीस बसवितात. या भागास कार्ट्रिज म्हणतात. उंची कार्ट्रिजांत दांडीच्या दुसऱ्या बाजूस केसाहून बारीक तारेचीं वेटोळीं असतात. कुशल कारागीर तीं सूक्ष्मदर्शकाखालीं हातानें गुंडाळतो. चुंबकापाशीं तीं हाललीं कीं अत्यल्प वीज उत्पन्न होते. तीच वाढवून आपण गाणें ऐकतों.

निगा मुख्यतः तीन गोष्टींची. पहिली, टोंकाची. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीस सुमारें ३ सहस्रांश इंच त्रिज्येचें टोंक लागतें, इ. स. १९४८ मध्यें निघालेल्या लाँगप्लेस १ सहस्रांश किंवा त्याहूनही कमी. दुसरी, भाराची. लाँगप्लेच्या पुष्कळ कार्ट्रिजांस तो २ ग्रॅमच्या आसपास असतो. अंदाजानें न ठेवतां तो काट्यावर मोजावा. फार हलकी सुईही उड्या मारून चरास इजा करते. तिसरी, स्वच्छतेची. मऊ कुंचला सुईच्या मागून पुढें फिरवावा, उलट कधींही नाहीं. मुंबईच्या पावसाळ्यांत तबकडीवर बुरशी धरते. ती पुसल्यावांचून सुई टेकवूं नये.

हिराही झिजतो. नवें टोंक महाग पडतें म्हणून आम्हीं एकदां हयगय केली. झिजलेल्या टोंकानें घरच्या एका जुन्या तबकडीवरील तार सप्तकांतील तान खरवडून काढली. पुढें कारागिराकडून टोंक नवें बसवून घेतलें. तान मात्र परत आली नाहीं.

वर उल्लेखिलेल्या केसरबाईंची (१८९२–१९७७) भैरवी इ. स. १९७७ मध्यें अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत गेली. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या त्या तबकडीसोबत पाठविणाऱ्यांनीं कार्ट्रिज व सुईही ठेविली आहे. सुईवांचून तबकडी मुकी, हें त्यांनीं जाणलें. घरांत वडिलांची तबकडी असेल, तर विद्यार्थिमित्रांनीं ती लावण्यापूर्वीं प्रथम सुई पाहावी.