शेळी व मेंढी : एक रोग, एकच उपाय

दुष्काळांत चारा-पाण्यास्तव द्रव्य देणाऱ्या सद्गृहस्थांनीं एका शत्रूची ओळख करून घ्यावी. चाकण आज कारखान्यांचें गांव झालें, तरी शनिवारीं तेथें शेळ्यामेंढ्यांचा बाजार भरतोच. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे खेड-मावळांतून कोंकणाकडे उतरतात; मेंढरांबरोबर चार शेळ्याही असतात. खतासाठीं शेतकरी तो कळप आपल्या रानांत बसवून घेतात. व्यवहार उभयतांच्या हिताचा. परंतु त्याच वाटेनें शेळ्यामेंढ्यांची बुळकांडी, म्हणजे पी. पी. आर., गांवोगांव पोहोंचूं शकते.

हा रोग १९४२ सालीं पश्चिम आफ्रिकेंतील आयव्हरी कोस्ट येथें प्रथम वर्णिला गेला. भारतांत १९८७ सालीं तामिळनाडूंतील अरसूर गांवीं मेंढ्यांत तो प्रथम आढळला. याचा विषाणु गोवराच्या विषाणूचा आप्त आहे. माणसास मात्र तो बाधत नाहीं. रोगी जनावराचा श्वास, नाकाडोळ्यांतील स्राव व जुलाब यांतून तो पसरतो. ताप, तोंडांत व्रण, हगवण व फुफ्फुसदाह हीं लक्षणें होत. पूर्वीं रोग न पाहिलेल्या कळपांत शेंकडा नव्वदपर्यंत जनावरें दगावूं शकतात.

शेळीस हा रोग बहुधा तीव्र होतो, मेंढीस पुष्कळदां सौम्य. सौम्य आजाराची मेंढी चालत राहते आणि एखाद्या गरीब विधवेच्या एकुलत्या शेळीस रोग देऊन पुढें जाते. म्हणून केवळ शेळ्यांस टोंचून मेंढ्या वगळणें हें अर्धेंच काम होय.

उपाय दोघींसही एकच आहे. हिमाचल प्रदेशांतील सुंगरी येथील शेळीपासून मिळालेल्या विषाणूवरून भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्रानें लस सिद्ध केली. ती मेंढीसही तारते. एका टोंचणीचें संरक्षण तीन वर्षें तरी टिकतें. मात्र लस शेवटपर्यंत थंड राहिली पाहिजे. अवर्षणांत अशक्त कळप एकाच पाणवठ्यावर जमतात. यास्तव टोंचणी उन्हाळ्यापूर्वींच उरकावी.

२००९ च्या पशुरोग प्रतिबंध कायद्यान्वयें रोगाची खबर देणें मालक, संस्था व ग्रामपंचायत या सर्वांवर बंधनकारक आहे. रोगी जनावर वेगळें ठेवणें हेंही मालकाचें कर्तव्य होय.

गुरांची बुळकांडी २०११ सालीं जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. हिच्यासाठीं २०३० ची मुदत ठरली आहे. तरी जमीनदारांनीं रानांत कळप बसवितांना टोंचणीची चौकशी करावी, आणि व्यापारी व दात्यांनीं चाऱ्याच्या देणगींतच बर्फपेटीचा व टोंचणाराच्या प्रवासाचा खर्च धरावा, ही नम्र विनंति.