ताबा घेण्याआधी जरा ऐक

अगं, तोरणापासून पडद्यांपर्यंत तुझी सगळी यादी तयार आहे, छानच. पण ताबापत्रावर सही करण्याआधी अर्धा दिवस त्या रिकाम्या घरात घालव. एकदा सामान लागलं की भिंती दिसत नाहीत, आणि काही सापडलंच तर बिल्डरचा माणूस म्हणतो, 'मॅडम, हे तुमच्या सुतारानं केलंय.' बघताना संकोच करू नकोस. 'फारच चिकित्सक बाई' म्हणतील, म्हणू देत. हप्ते तू भरणारेस.

दिवसाउजेडी जा. सोबत एक बादली, रुपयाचं नाणं, खडू, मोबाइलचा चार्जर आणि वही-पेन असू दे.

सुरुवात बाथरूमपासून कर. आपल्याकडच्या घरांची बहुतेक दुखणी पाण्यापासूनच सुरू होतात. दाराजवळ बादलीभर पाणी ओत आणि उभी राहून बघ. सगळं पाणी जाळीकडे जायला हवं. कोपऱ्यात थारोळं साचलं किंवा पाणी उंबऱ्याकडे वळलं, तर ढाळ चुकलाय. तो नंतर सुधारायचा म्हणजे फरशी फोडणं आलं. मग नाण्यानं टाइल्सवर टकटक कर. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर खाली माल नीट भरलेला नाही; जड काही पडलं की ती टाइल तडकणार. अशा टाइलवर खडूनं फुली मार आणि फोटो काढ. बाल्कनीत आणि ओट्याभोवतीही हेच कर. सिंकचा नळ पूर्ण सोड आणि खालच्या पाइपाच्या जोडावर कोरडा हात फिरव. थेंबभर गळती डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला लागते.

भिंती बघायच्या तर मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धर. समोरून सपाट वाटणाऱ्या भिंतीचे सगळे फुगवटे दिसायला लागतात. तड्यांना मात्र सरसकट घाबरू नकोस. केसासारख्या बारीक रेघा प्लास्टर वाळताना पडतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली रुंद भेग किंवा कॉलम-बीमवरचा तडा दिसला, तर तो इंजिनिअरला दाखव, रंगाऱ्याला नव्हे.

विजेचं सोपं आहे. चार्जर प्रत्येक सॉकेटमध्ये लावून बघ. मुख्य बोर्डावर ईएलसीबी किंवा आरसीसीबी आहे का ते पाहा. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते दाबल्यावर वीज तुटली पाहिजे. शॉक लागताना जीव वाचवणारी वस्तू आहे ती. नाही तुटली, तर इलेक्ट्रिशियन बोलावल्याशिवाय गिझर लावू नकोस. गॅस गिझर घ्यायचा विचार असेल तर तो बंद बाथरूममध्ये मुळीच नको. त्याच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्यामुळे आत कोंडला तरी कळत नाही.

आता महत्त्वाचं. सापडलेलं सगळं लेखी दे. खोलीवार यादी कर, फोटो जोड, ईमेल कर आणि कागदी प्रतीवर पोच घे. 'करून देतो ताई' या शब्दांवर किल्ली घेऊ नकोस, आणि भोगवटा प्रमाणपत्र झालंय का ते आधी विचार. 2016 च्या रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष तू कळवलास, तर बिल्डरनं तो 30 दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. म्हणून ताब्याची तारीख असलेला कागद सांभाळून ठेव.

तुझी नणंद जुनी जागा बघतेय ना, तिलाही सांग. छताचा एकच तुकडा ताजा रंगवलेला दिसला, तर वरच्या मजल्यावर त्या जागी काय आहे ते विचारायचं. छज्ज्याखाली तांबूस डाग किंवा सुटलेलं प्लास्टर असेल, तर आतली सळई गंजतेय. गंजली की ती फुगते आणि काँक्रीटचे पोपडे ढकलून पाडते. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागायचा. सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ऑडिट 5 वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनीचं 3 वर्षांतून एकदा व्हायला हवं. अहवाल नाही म्हणाले, तर भाव करताना ते लक्षात ठेवायचं.

राहायला गेल्यावर वर्षातून एकदा, मे महिन्यात, घरभर फेरी मार. खिडक्यांच्या स्लायडिंग पट्ट्यांतली माती काढ. त्यांना पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात, ती बुजली की पहिल्याच पावसात पाणी हॉलमध्ये येतं. बाथरूमच्या टाइल्सच्या फटींतला फिलर निघालेला असेल तर भरून घे. बाहेरच्या भिंतीवर पिंपळाचं रोप दिसलं तर मुळासकट काढायला लाव, नुसतं कापलं तर परत फुटतं. गच्चीवरच्या पाइपांची तोंडं मोकळी आहेत का ते सेक्रेटरींना विचार. गच्चीतून आलेल्या गळतीचा खर्च सोसायटीचा, पण तुझ्या बाथरूममधून खालच्यांकडे गेलेल्या गळतीचा तुझा. गॅसच्या नळीवर छापलेली मुदतही त्याच फेरीत बघ.

आणि ओल दिसली की आधी पाणी कुठून येतंय ते शोध, मग भिंत वाळू दे आणि शेवटी रंग दे. हा क्रम उलटा केलास तर दरवर्षी रंगारी बोलवावा लागेल.

जायचा दिवस ठरला की मला फोन कर. तू पाणी ओत, मी यादी लिहिते.