सफरचंद : रंग पाहावा की चव?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या आळीतल्या एका आत्याबाईंचा मुलगा तापाने आजारी पडला. त्याला कोल्हापूरला दवाखान्यात ठेवले. आत्याबाईंनी मजुरीच्या पैशांतून चार सफरचंदे घेतली. ढिगातली सगळ्यांत लालभडक पाहून घेतली. मुलाने एक घास खाल्ला आणि फळ बाजूला सारले. ते आतून पिठूळ झाले होते.

आत्याबाई आम्हांला म्हणाल्या, "गुरुजी, एवढं लालबुंद फळ, आन् आत पीठ! माझंच चुकलं काय हो?"

आम्ही म्हणालो, "आत्याबाई, तुमच्या एकटीचं चुकलं नाही. सारं जग या रंगाला भुललं होतं."

ती हकिगत अशी. अमेरिकेत आयोवा नावाचे राज्य आहे. तिथे सन १८७० च्या सुमारास जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत एक रोप आपोआप उगवले. त्याचे फळ फार गोड निघाले. पुढे त्याचे नाव पडले 'डिलिशस', म्हणजे रुचकर. आंब्याची कोय लावून तसाच आंबा मिळेल याची खात्री नसते, म्हणून आपण कलम बांधतो. सफरचंदाचेही तसेच. त्या एका झाडाची कलमे जगभर गेली. सन १९१६ मध्ये सॅम्युअल स्टोक्स यांनी ती सिमल्याजवळ कोटगढला लावली.

पुढे काय झाले? एखाद्या फांदीला जास्त लाल फळे धरत. गिऱ्हाईक लाल फळ आधी उचलते. म्हणून बागाईतदार त्याच फांदीची कलमे बांधत गेले. रंग वाढला, साल जाड झाली, चव मागे पडली.

शेवटी लोक कंटाळले. न्यूझीलंडमध्ये किड नावाच्या बागाईतदाराने सन १९३४ च्या सुमारास दोन जातींचा संकर करून नवी जात काढली. तिचे नाव गाला. साल पातळ, पिवळसर, वर तांबड्या रेघा. गर कुरकुरीत आणि रसाळ. गोडी जास्त, आंबटपणा कमी. सन २०१८ मध्ये अमेरिकेत गालाने लाल डिलिशसला मागे टाकून पहिला नंबर घेतला. आता हिमाचल आणि काश्मीरमध्येही गालाच्या बागा आहेत.

पण मंडळी, गालासुद्धा शिळा झाला की पिठूळ होतो. आपल्याकडची सफरचंदे बहुतेक श्रावण ते कार्तिकात उतरतात. मग ती थंड खोल्यांत महिनोन् महिने ठेवतात. बाहेर काढून उन्हात मांडली की लवकर उतरतात. गराचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. ती पकड सैल झाली की दाताखाली रस येत नाही, पीठ येते.

तर फळ घेताना एवढे पाहा :

१. हातात घेऊन तोला. आकाराच्या मानाने जड असावे.
२. अंगठ्याने हलके दाबा. टणक असावे, मऊ नसावे.
३. साल सुरकुतलेली नसावी.
४. वास घ्या. ताज्या फळाला गोडसर वास येतो.
५. फळावर चिकटवलेला कागद असेल, तर त्यावरचा आकडा वाचा. ४०१५ किंवा ४०१६ म्हणजे लाल डिलिशस. ४१३३ किंवा ४१३५ म्हणजे गाला.

तुम्हांला आता आकडे वाचता येतात. त्या विद्येचा बाजारात असा उपयोग करा.

आणखी एक गोष्ट. आजाऱ्याला सफरचंदच न्यावे, असा नियम नाही. आपल्या परड्यातल्या पेरूत 'क' जीवनसत्त्व सफरचंदाच्या कितीतरी पट असते. डॉक्टरांना विचारावे, आणि ते हो म्हणाले तर पेरू द्यावा.

आत्याबाईंनी हे ऐकले. पुढच्या खेपेला त्यांनी दोनच फळे घेतली. रंगाने फिकट, पण हाताला जड. मुलाने दोन्ही खाल्ली.

प्रश्न
१. फळ इतके लाल का झाले आणि चव का गेली?
२. सफरचंद पिठूळ कशाने होते?
३. तुमच्या घरी आजाऱ्यासाठी कोणते फळ नेतात? का?