अंगणातील द्राक्षवेल : कीड जावी, विष येऊ नये

(परसबागेचा पाठ. बचत गटाच्या बैठकीत किंवा वसतिगृहात वाचून दाखवावा.)

द्राक्षाचे मळे नाशिक, सांगली, सोलापूरकडे. आपल्या विदर्भात कपाशी, धान आणि संत्रा. तरी न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली एखादी द्राक्षवेल अंगणातल्या मांडवावर दिसते. त्या मांडवाखाली मुले खेळतात, बाया धान्य निवडतात, आणि घड पिकला की हात वर करून फळ तोंडात टाकतात.

वेलीवर कीड दिसली की कपाशीसाठी आणलेले औषध त्याच पंपाने मारावेसे वाटते. तसे कदापि करू नका. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ते उघड्या शेतात घडले. अंगणात तर लेकरे, पाण्याचे माठ आणि कोंबड्या असतात. शिवाय कपाशी आपण खात नाही. द्राक्ष सालीसकट खातो.

एक-दोन वेलींना विषाची गरजही नसते. डोळे आणि हात पुरेसे आहेत. आधी कीड ओळखा.

उडद्या. तांब्यासारखा चकाकणारा बारीक भुंगेरा. छाटणीनंतर फुटणारे कोंब कुरतडतो, त्यामुळे घडच धरत नाहीत. दिवसा सुटलेल्या सालीखाली आणि पाचोळ्यात लपतो. वेल हलवली की टपकन खाली पडतो. हीच त्याची खोड आपल्या कामाची. सकाळी वेलीखाली साबणाचे पाणी घातलेले पसरट घमेले धरा आणि फांद्या हलवा. कोंब फुटत असताना हे रोज करा.

पिठ्या ढेकूण. सांध्यांवर व घडात पांढरे पीठ सांडल्यासारखे दिसते. ही कीड रस शोषते आणि चिकट गोड पाणी सोडते. त्यावर काळी बुरशी वाढते आणि मुंग्या येतात. मुंग्या या किडीची राखण करतात, तिला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट बंद करा : खोडाला प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावा. ग्रीस सालीला लागू देऊ नका. मग साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने खोड व सांधे पुसून काढा.

एक सावधगिरी : पिठ्या ढेकणासारखाच पांढरा, पण आकाराने मोठा आणि भराभर चालणारा किडा दिसला तर मारू नका. ते क्रिप्टोलेमस नावाच्या भुंगेऱ्याचे पिल्लू असू शकते. हा भुंगेरा मुख्यतः पिठ्या ढेकणांवर जगतो. 1898 साली तो ऑस्ट्रेलियातून भारतात मुद्दाम आणला गेला. विषारी फवारणीत आपला हा मित्रही मरतो.

फुलकिडे आणि तुडतुडे. पानाखाली राहून रस शोषतात. फुलकिड्यांमुळे मण्यांवर करडे खरबरीत डाग पडतात. यांच्यासाठी निंबोळी अर्क चांगला. 50 ग्रॅम सुकी निंबोळी कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी फडक्यातून गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि त्याच दिवशी संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. कडक उन्हात फवारू नका. आठवड्याने पुन्हा एकदा करा. जून-जुलैत निंबोळ्या पडतात, तेव्हाच वेचून सावलीत सुकवून ठेवा.

छाटणी हेच मोठे औषध. आपल्याकडे वेल एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये अशी दोनदा छाटतात. त्या वेळी खोडाची सुटलेली साल हाताने काढा. छाटलेल्या काड्या, साल आणि पाचोळा वेलीखाली न ठेवता जाळून टाका. मांडवावरची दाटी विरळ करा. वारा-ऊन खेळले की किडींना आसरा उरत नाही.

शेतातले औषध घरी असेलच तर. डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहा. वाचता येत नसले तरी रंग कळतो. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. डबा कुलपात ठेवा. रिकाम्या डब्यात पाणी किंवा तेल कधीही भरू नका. फवारणीचे औषध अंगावर सांडले तर कपडे काढून अंग साबणाने धुवा. चक्कर, उलटी, घाम किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर वाट पाहू नका, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना विष कोणते ते कळेल.

बैठकीत चर्चेसाठी
1. आपल्या घरी औषधाचे डबे कुठे ठेवले आहेत? मुलांचा हात तिथे पोचतो का?
2. त्यांवरील त्रिकोण कोणत्या रंगाचे आहेत?
3. यंदा गावात निंबोळी कोण वेचणार, आणि ती कोठे सुकवायची?