थकलेली पोटगी आणि जोगेश्वरीचा फ्लॅट

प्रश्न : घटस्फोट होऊन चार वर्षं झाली. पोटगी थकली आहे. ‘त्याबदल्यात जोगेश्वरी पूर्वेचा फ्लॅट घे’, असं माजी पती म्हणतात. नोटरीकडे करार पुरेल का?

उत्तर : नाही. नोटरीच्या कागदाने घर नावावर होत नाही. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात संमतीच्या अटी दाखल करा. थकबाकी किती, फ्लॅट कुठला, ताबा कधी, सगळं त्यात येऊ द्या. मग नोंदणीकृत दस्त करा.

मुद्रांक शुल्कात बरेच जण फसतात. महाराष्ट्रात पत्नीला राहतं घर दान दिलं तर शुल्क फक्त 200 रुपये, पण घटस्फोटानंतर तुम्ही कायद्याने पत्नी नाही. त्यामुळे ‘दानपत्र करू, स्वस्तात होईल’ यावर विसंबू नका. आधी शुल्क ठरवून घ्या आणि ते कोण भरणार तेही लिहा.

घरावर कर्ज असेल तर बँकेची संमती हवी. झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेतलं घर असेल तर हस्तांतरावर मुदतीचं बंधन असतं, प्राधिकरणाची परवानगीही लागते. जोगेश्वरीत अशा इमारती खूप, म्हणून हे पहिल्यांदा तपासा. सोसायटीची थकबाकीही विचारा.

मुलांची पोटगी या सौद्यात सोडून देऊ नका; तो हक्क मुलांचा आहे.

आणि बोलणी लांबवू नका. पोटगीचा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खालचा (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 144) असेल, तर रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. दस्त नोंदला जाईपर्यंत तो अर्ज मागे घेऊ नका.