किनारपट्टीवरील महिला गटांच्या अभ्यासभेटी : परस्परशिक्षणाचे अर्थशास्त्र

भारताच्या सागरी किनाऱ्याची लांबी दीर्घकाळ सुमारे ७,५१६ किलोमीटर अशी नोंदवली जात होती; अलीकडील पुनर्मोजणीनंतर ती सुमारे ११,०९८ किलोमीटर मानण्यात आली आहे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या २०१० च्या गणनेनुसार या किनाऱ्यावर ३,२८८ मच्छीमार गावे असून त्यांत सुमारे ८.६४ लाख मच्छीमार कुटुंबे राहतात. समुद्रात नौका घेऊन जाणे हे मुख्यत्वे पुरुषांचे काम असले, तरी मासळी किनाऱ्याला लागल्यानंतरची निवड, साफसफाई, खारवणे, वाळवणे आणि विक्री ही कामे बहुतांशी महिलाच करतात. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार प्रत्यक्ष मासेमारी व मत्स्यशेतीत महिलांचे प्रमाण २४ टक्के, तर प्रक्रिया क्षेत्रात ते ६२ टक्के आहे.

या महिलांच्या कौशल्यवृद्धीसाठी गेल्या काही दशकांत अनेक प्रशिक्षण कार्यक्रम झाले. त्यांच्या जोडीने आणखी एक पद्धत रुजली. एका गावच्या गटातील महिला दुसऱ्या गावच्या गटाकडे जातात, त्यांचे काम पाहतात, त्यांच्याबरोबर काम करतात आणि परतल्यावर आपल्या कामात बदल करतात. हिलाच अभ्यासभेट किंवा परस्परशिक्षण भेट म्हणतात. तिचे महत्त्व आणि तिच्या मर्यादा यांचा विचार येथे केला आहे.

तंत्र सोपे, स्वीकार अवघड

ताज्या मासळीत साधारणतः ७० ते ८० टक्के पाणी असते. हे प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत उतरले की जिवाणूंची वाढ थांबते आणि १५ टक्क्यांच्या आसपास आले की बुरशीही धरत नाही. मासळी खारवलेली असल्यास याहून अधिक ओलाव्यावरही ती टिकते. उघड्या वाळूवर वाळवलेल्या मासळीला रेती चिकटते, माश्या बसतात आणि खालच्या बाजूचा ओलावा लवकर जात नाही. जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीच्या मांडवावर जाळी ताणून मासळी पसरली, तर वारा दोन्ही बाजूंनी लागतो आणि माल स्वच्छ राहतो. कोची येथील केंद्रीय मत्स्यतंत्रज्ञान संस्थेने सौर वाळवणी यंत्रेही विकसित केली आहेत. हे ज्ञान नवे नाही आणि कठीणही नाही. मग ते सर्वत्र का स्वीकारले गेले नाही?

याचे उत्तर एका साध्या गणितात मिळते. समजा, ७५ टक्के ओलावा असलेली १०० किलो साफ केलेली मासळी मीठ न लावता वाळवायची आहे. तिच्यात घन भाग २५ किलो. ओलावा २५ टक्क्यांवर आणला, तर सुकी मासळी सुमारे ३३.३ किलो भरेल. मात्र ओलावा ४० टक्के असतानाच ती विकली, तर वजन सुमारे ४१.७ किलो भरेल. म्हणजे नीट वाळवणाऱ्या महिलेच्या तराजूतून आठ किलोंहून अधिक वजन कमी होते. अर्धवट वाळलेल्या मालाला किलोमागे १०० रुपये मिळत असतील, तर उत्तम मालाला किमान १२५ रुपये मिळाले तरच तिचे उत्पन्न पूर्वीइतके राहील. मांडवाचा खर्च आणि वाढीव दिवसांची मजुरी त्याहून वेगळी.

प्रशिक्षक वाळवण्याची रीत सांगतो. परंतु पंचवीस टक्के अधिक भाव कोण देतो, हे तो सहसा सांगू शकत नाही. ते सांगू शकते असा माल विकून पाहिलेली दुसरी महिला. तिच्या गटाची हिशोबवही, तिचा खरेदीदार, पहिल्या वर्षी आलेला तोटा आणि तो भरून काढण्यासाठी घेतलेले अंतर्गत कर्ज, ही अभ्यासभेटीत मिळणारी खरी माहिती होय. म्हणून अशी भेट केवळ तंत्राची नसून जोखमीच्या निर्णयाची शाळा ठरते.

काय नेता येते, काय नाही

प्रत्येक किनाऱ्याची मासळी आणि हवामान वेगळे असते. महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यावर बोंबील दोरीवर किंवा बांबूच्या वलांडीवर टांगून वाळवतात. बोंबलाच्या अंगात पाणी अतिशय जास्त असते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरीवर सोडले की कोरड्या वाऱ्यात मीठ न लावताही सुकतात. केरळ व तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तारली किंवा नेथिली या मासळीला ही रीत जशीच्या तशी लागू पडत नाही. लक्षद्वीपमध्ये कुपा मासा उकळून, धुरी देऊन व उन्हात वाळवून ‘मासमीन’ तयार करतात. तेथील रीत त्या मासळीशी आणि तेथील बाजारपेठेशी जोडलेली आहे.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. स्वच्छतेचे नियम, मिठाचे प्रमाण, मांडवाची उंची, हिशोब ठेवण्याची पद्धत, एकत्रित खरेदी आणि व्यापाऱ्याशी भावाची बोलणी या गोष्टी एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर नेता येतात. मासळीची जात, वाऱ्याची दिशा, पावसाचे वेळापत्रक आणि ग्राहकाची चव नेता येत नाही. यशस्वी अभ्यासभेटीत हा भेद महिला स्वतः करतात; अयशस्वी भेटीत पाहिलेल्याची केवळ नक्कल होते.

भेटीची वेळ

यांत्रिक नौकांच्या मासेमारीवरील वार्षिक बंदीचा कालावधी दोन्ही किनाऱ्यांवर ६१ दिवसांचा, पण वेगवेगळा असतो. पूर्व किनाऱ्यावर तो १५ एप्रिल ते १४ जून, तर पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असा आहे. साहजिकच १५ एप्रिल ते ३१ मे या काळात पूर्वेकडील महिलांचे काम मंदावलेले असते आणि पश्चिमेकडील काम चालू असते. १५ जूननंतर स्थिती उलट होते. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडत असल्याने त्या वेळी तेथील वाळवणी पाहता येते. रोजंदारी न बुडवता चालते काम पाहण्याची ही संधी आहे. भेटींचे वेळापत्रक अनुदान खर्च करण्याच्या मुदतीवर न आखता या ऋतुचक्रावर आखले पाहिजे.

संस्थात्मक आधार

परस्परशिक्षणाला आपल्याकडे बचत गटांच्या चळवळीने भक्कम पाया दिला. नाबार्डने १९९२ साली गट-बँक जोडणीचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला. २०११ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानाने ‘समुदाय संसाधन व्यक्ती’ ही संकल्पना देशभर नेली. आंध्र प्रदेशातील अनुभवी महिलांनी बिहारसारख्या राज्यांतील गावांत मुक्काम करून तेथील गटांची बांधणी केली. १९९८ साली स्थापन झालेले केरळचे ‘कुटुंबश्री’ हे अभियान २०१२ पासून राष्ट्रीय संसाधन संस्था म्हणून अन्य राज्यांना मार्गदर्शन करू लागले.

मत्स्यक्षेत्रापुरते पाहिल्यास, केरळमध्ये २००५ साली मच्छीमार महिलांच्या साहाय्यासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि तिच्या ‘तीरमैत्री’ कार्यक्रमातून महिलांचे लघुउद्योग उभे राहिले. ओडिशातील ‘समुद्रम’ या मच्छीमार महिलांच्या महासंघाला २०१० साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर पुरस्कार’ मिळाला. राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाची स्थापना २००६ साली हैदराबाद येथे झाली. २०२० साली २०,०५० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना सुरू झाली. त्याच वर्षीच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत बचत गटातील प्रक्रिया करणाऱ्या सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद करण्यात आली. भेटीत पाहिलेले गावी उभारायचे, तर असे भांडवल वेळेवर हाती पडणे आवश्यक असते.

मर्यादा आणि पथ्ये

अभ्यासभेटींतील पहिला दोष निवडीचा आहे. गटाच्या पदाधिकारी महिलाच वारंवार दौऱ्यावर जातात. प्रत्यक्ष खारवणारी व वाळवणारी महिला घरीच राहते. लहान मुले, वृद्धांची शुश्रूषा आणि बुडणारी मजुरी ही त्यामागची कारणे आहेत. म्हणून मजुरीची भरपाई आणि लहान मुलांची सोय हा भेटीच्या खर्चाचाच भाग मानला पाहिजे.

दुसरा दोष सादरीकरणाचा. यजमान गट पाहुण्यांना यशच दाखवतो. बंद पडलेले यंत्र आणि परत आलेला माल झाकून ठेवतो. वास्तविक, पाहुण्यांना सर्वाधिक उपयोग अपयशाच्या हिशोबाचा होतो. यजमानांचा वेळही मोलाचा आहे. त्यांना मानधन मिळावे आणि काही महिन्यांनी त्यांनी परतभेट द्यावी, म्हणजे बदल कुठे अडला हे जागेवर समजते.

तिसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. मासळी गावच्या किनाऱ्याऐवजी मोठ्या बंदरांत उतरू लागली, तेव्हा लहान विक्रेत्या महिलांना लिलावात मोठ्या व्यापाऱ्यांशी स्पर्धा करावी लागली. कच्ची मासळीच परवडत नसेल, तर उत्तम वाळवणीचे ज्ञान कोरडेच राहते. लघुमत्स्यव्यवसायाविषयीच्या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मासेमारीपश्चात मूल्यसाखळी आणि स्त्री-पुरुष समानता यांना स्वतंत्र स्थान दिले आहे, ते याचमुळे. अभ्यासभेट ही धोरणाला पूरक आहे. बंदरातील जागा, बर्फ, पाणी आणि पतपुरवठा यांना ती पर्याय ठरू शकत नाही.

परीक्षेच्या दृष्टीने

मूल्यमापनावरील प्रश्नात निविष्टी, निष्पत्ती आणि फलित यांतील फरक विद्यार्थ्यांनी नेमका मांडावा. दौऱ्यावर झालेला खर्च ही निविष्टी. किती भेटी झाल्या व किती महिला गेल्या ही निष्पत्ती. परतल्यानंतर किती गटांनी मांडव उभारले, मालाचा भाव किती वाढला आणि वर्षअखेरीस महिलेच्या हाती किती रक्कम उरली, हे फलित होय. शासकीय अहवालांत निष्पत्तीचे आकडे सहज मिळतात, फलिताचे क्वचित.

सरावासाठी प्रश्न : (१) ‘तंत्रज्ञानाचा स्वीकार हा ज्ञानापेक्षा जोखमीचा प्रश्न आहे.’ सुक्या मासळीच्या उदाहरणाने स्पष्ट करा. (२) समुदाय संसाधन व्यक्ती या संकल्पनेचे गुणदोष सांगा. (३) दोन किनाऱ्यांवरील मासेमारी बंदीचे कालावधी लक्षात घेऊन महिला गटांच्या अभ्यासभेटींचे वार्षिक नियोजन सुचवा.