शिवेला सन हवा

इंदापूर-दौंड भागातल्या गावांच्या जुन्या हद्दी नकाशावर मांडायच्या कामात मी बरीच वर्षं आहे. या कामाला लागलेला नवा माणूस भेटला की मी त्याला आधी एका स्मरणिकेची गोष्ट सांगतो. स्मरणिका कुणाची ते राहू द्या. आत घडीचा मोठा रंगीत नकाशा होता, ‘शिवकालीन परगणे’ असा. एकेका परगण्याला एकेक रंग, प्रत्येक गावाची हद्द काळ्या बारीक रेघेने आखलेली. छपाई सुरेख. शाळांनी तो चौकट करून लावला. आणि त्या शिवकालीन परगण्यांच्या मधोमध, निळ्या रंगात, उजनी धरणाचा फुगवटा पसरलेला होता. धरण 1980 चं.

हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण नकाशा एकदा छापला गेला की तो पुरावा होऊन बसतो. एका विद्यार्थिनीने प्रबंधासाठी त्यावरून परगण्याचं क्षेत्रफळ काढलं आणि पेशवे दफ्तरातल्या जमाबंदीच्या आकड्याला त्याने भागलं. सारा शेजारच्या परगण्यापेक्षा फारच हलका निघाला. ‘या भागाला सूट का मिळाली असावी’ यावर तिचं एक अख्खं प्रकरण लिहून तयार होतं. तिच्या भागाकारात काही खोट नव्हती. पण ज्या जमिनीने भागलं ती जमीन त्या परगण्याची नव्हती. आजच्या गावहद्दींची संगणकी फाईल घ्यायची, जुन्या यादीतलं नाव आजच्या नावाशी जुळलं की रंग भरायचा, अशा रीतीने तो नकाशा तयार झाला होता. आजही बहुतेक ‘ऐतिहासिक’ नकाशे असेच होतात. म्हणून हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, आपण जिला गावाची हद्द म्हणतो ती मोजलेली, दगड रोवलेली, कागदावर उतरलेली रेघ इंग्रजी अमलातल्या मोजणीची आहे. प्रिंगलसाहेबाची आधीची आकारणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी सुरू केली ती 1836 च्या सुमारास, आमच्या इंदापुरातच. तिची पद्धत 1847 च्या जॉइंट रिपोर्टने पक्की झाली. 33 फुटांची साखळी, साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर, हे सगळं तिथून आलं. आपल्या भूमि अभिलेख कार्यालयात जी टिपणं, गुणाकार बुकं, आकारबंद आणि गावनकाशे मिळतात, ती या मोजणीची आणि नंतरच्या फेरमोजणीची लेकरं. यातला कुठलाही नकाशा त्या आधीच्या काळाबद्दल आपण होऊन काही सांगत नाही. इनामी गावांची मोजणी तर बऱ्याच ठिकाणी खालसा गावांच्या मागून झाली. तेव्हा शेजारशेजारच्या दोन गावांचे नकाशेही एकाच सालचे असतील असं धरून चालू नका.

मग त्याआधी शीव नव्हती का? होती, आणि तिच्यावरून डोकी फुटत होती. पण ती वर्णनात होती. महजरात चतुःसीमा येते: पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमक्या गावची पांढरी वाट, पश्चिमेस चिंच, उत्तरेस थोरला गोटा. तंटा पडला की गोत बसायचं, देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी, बलुते जमायचे आणि कुणी तरी शपथेवर शीव चालून दाखवायचा. बऱ्याचदा हा मान आणि हे जोखमीचं काम महाराकडे असे, कारण शिवेची माहिती त्याच्या वतनाचा भाग होती. तो ज्या वाटेने चालला ती शीव. अशा निवाड्यातून आपल्याला खुणा मिळतात, ओळीने मिळतात. पण दोन खुणांमधली रेघ मिळत नाही. ती आपण ओढतो. ओढायला हरकत नाही, फक्त ती तुटक ओढा.

शिवेची माहिती महारांकडे असे, याच कारणाने एक गोष्ट आवर्जून सांगतो. गावात गेलात की पाटलाच्या वाड्यात चहा घेऊन परत फिरू नका. बौद्धवाडीतल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा. भीमाकाठच्या एका गावात वाड्यावर मला शीव दाखवली ती आजच्या डांबरी रस्त्याने. खालच्या आळीतले एक आजोबा काठी टेकत बांधापर्यंत आले आणि म्हणाले, “रस्ता आत्ताचा हाय बाबा. आमची हाडकी हाडवळ्याची जमीन ह्या ओढ्याला टेकत व्हती, आन् ओढ्यापल्याड दुसरं गाव.” जुन्या टिपणाशी ताडून पाहिलं तर वळणन्‌वळण जुळलं. ओढा मात्र आता कुठे दिसत नाही. नांगरून सपाट झाला आहे, फक्त पावसाळ्यात तिथलं पीक पिवळं पडतं.

आता नावांचं. नाव तेच आहे म्हणून गाव त्याच जागी आहे असं मानणं हा या कामातला सगळ्यात महागडा भाबडेपणा. पळसदेव घ्या. जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं, पळसनाथाचं देऊळ पाणी ओसरलं की वर येतं, आणि आज नकाशावर ‘पळसदेव’ टाकलं की खूण उमटते ती पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या नव्या गावठाणावर. धरणाखाली गेलेल्या कुठल्याही खोऱ्यात, मग ते कोयनेचं असो की मुळशीचं, हेच होणार. म्हणून बुडीत गावांसाठी धरणाआधीचे सर्व्हे ऑफ इंडियाचे इंचाला मैल मापाचे नकाशे आधी गाठावेत. त्यात गावठाण, देवळं, विहिरी, नदीचं मूळ पात्र असतं.

उलटही घडतं. गाव जागच्या जागी आणि नाव गेलेलं. पुण्यात शिवाजीनगर म्हणून राहणाऱ्या किती जणांना आपण भांबुर्ड्यात राहतो हे ठाऊक आहे? पण मिळकतीचे कागद काढले की सिटी सर्व्हे नंबरापुढे ‘भांबुर्डा’ उभं असतं. एरंडवणे, कोथरूड ही महसुली गावं होती. शहराने ती गिळली तरी कागदाने सोडली नाहीत. शहरातल्या जुन्या गावांच्या शिवा शोधायला म्हणूनच मी जुन्या मिळकतींच्या जाहीर नोटिसा वाचायला सांगतो. वर्तमानपत्राच्या ज्या कोपऱ्याकडे कुणी बघत नाही तिथे चतुःसीमेसकट माल असतो.

आणि बुद्रुक-खुर्द. जुन्या कागदात नुसतं ‘मौजे वडगाव’ लिहिलेलं असतं, आणि वडगावं पायलीला पन्नास. तिथे वाचवते ती तर्फ. ‘तर्फ कर्यात मावळ’, ‘मुठे खोरे’, ‘गुंजण मावळ’ असा पुढचा तुकडा वाचल्याशिवाय गाव ओळखलं असं म्हणू नये. कागद नकलताना घाईत लोक नेमका हाच तुकडा गाळतात.

तिसरा सापळा सलगतेचा. रंगवलेल्या नकाशात परगणा एकसंध दिसतो, कारण तुकड्यातुकड्यांचा प्रदेश डोळ्याला बघवत नाही. खरी सत्ता तुकड्यांतच असे. औंध संस्थान 72 गावांचं, पण औंध आज साताऱ्याच्या खटाव तालुक्यात, आटपाडी सांगली जिल्ह्यात, कुंडल त्याच जिल्ह्यात पण दुसरीकडे. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती या औंधाच्या कुंडल भागात. सांगली संस्थानचं मंगळवेढं आज सोलापूर जिल्ह्यात, शहापूर बेळगावात. 1948 मध्ये दक्षिणी संस्थानं विलीन झाली आणि 1950 च्या एका हुकुमाने मुंबई आणि हैदराबाद राज्यांत एकमेकांच्या पोटात अडकलेली गावं इकडची तिकडे झाली. तेव्हा 1941 च्या जनगणनेतला तालुका आणि 1951 चा तालुका एकाच नावाचे असले तरी त्यांची लोकसंख्या थेट वजा करू नका. वाढ दिसेल तिथे कदाचित माणसं वाढलेली नसतील, गावं वाढलेली असतील. गाववार आकडे घ्या आणि बेरीज आपण करा; 1951 आणि 1961 च्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत गावांच्या याद्या आहेत.

याहून अवघड जागा म्हणजे जिथे रेघच नसते. मराठेशाही आणि निजामाच्या दुअंमली गावांत एकाच शिवारावर दोघांचा वसूल चाले. अशा गावाला कुठला रंग देणार? मला हे नीट कळलं ते वसईच्या एका मित्रामुळे. तो ख्रिस्ती धर्मग्रामांच्या हद्दींवर काम करतो. त्यांच्याकडे बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या वह्या आहेत, आणि कुठलं कुटुंब कुठल्या चर्चच्या वहीत सापडेल हे हद्दीवर ठरेल अशी त्याची साधी समजूत होती. पण मुंबई आणि साष्टीच्या बेटांत पोर्तुगीज पाद्रुआदो आणि रोमचा प्रोपगंडा असे दोन अधिकार अनेक दशकं एकमेकांत मिसळून नांदत होते. 1886 नंतर तर एकीकडे मुंबईचा महाधर्मप्रांत आणि दुसरीकडे दमणचा धर्मप्रांत. एकाच गावठाणातली दोन घरं दोन वेगळ्या चर्चची. हे दुहेरी राज्य संपलं 1928 च्या करारानंतर. त्याआधीच्या काळासाठी माझ्या मित्राने हद्दी आखणं सोडलं आणि घरागणिक ठिपके टाकले, दोन रंगांत. त्याचा नकाशा दिसायला गोवर उठल्यासारखा आहे, पण कुटुंबाचा माग काढायला आलेला माणूस त्यावरून योग्य वहीपाशी पोचतो.

त्यातच चर्चही हलतात. अंधेरीजवळचं सेंट जॉन द बाप्टिस्टचं 1579 चं चर्च 1840 च्या साथीनंतर ओस पडलं आणि वस्ती मरोळला गेली. जुन्या भिंती आज सीप्झच्या आवारात आहेत. तिथल्या कुटुंबाचा शोध भिंतींपाशी सुरू केला तर वही मिळायची नाही.

आता संगणकावरच्या कामाबद्दल थोडं. क्यूजीआयएससारखं सॉफ्टवेअर फुकट आहे, शिकायला सोपं आहे, आणि त्यामुळेच चुका झपाट्याने छापल्या जातात. गावनकाशाची नक्कल मिळाली की ती सपाट ठेवून स्कॅन करा. गुंडाळीचा मोबाइलवर काढलेला फोटो कडेला ताणलेला असतो. नकाशा जागेवर बसवताना खुणा म्हणून देऊळ, बांधीव विहीर, तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथला दगड हे धरा. रस्ता धरू नका, नदीचा काठ तर मुळीच नको. भीमेने पात्र किती बदललं आहे ते गाळपेराच्या तंट्यांची फाईल चाळली तरी कळतं.

गावनकाशाच्या चारी कडांना शेजारच्या गावांची नावं लिहिलेली असतात, ती सोन्याहून पिवळी. शेजारचा नकाशा काढून कड कडेशी लावा. बहुधा जुळणार नाही. मध्ये फट राहील किंवा एक पट्टा दोन्ही नकाशांत येईल. नवशिका इथे माउस घेऊन रेघ सरकवतो आणि फट बुजवतो. तसं करू नये. ती फट कधी मोजणीची असते, कधी गायरानाच्या जुन्या भांडणाची, आणि भांडण असेल तर दफ्तरात त्याचा कागद असण्याचा संभव दांडगा. दोन्ही रेघा ठेवा, दोन्हींना नाव द्या.

जमिनींचं एकत्रीकरण झालेल्या गावात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. गावाची बाहेरची शीव साधारण तीच राहिली तरी आतली शेतं ओळखू येत नाहीत. जुन्या-नव्या नंबरांचं पत्रक मागितल्याशिवाय सातबाऱ्यावरून मागे जाता येत नाही. ‘महाभूनकाशा’ या संकेतस्थळावर दिसतो तो आजचा गट, एवढं लक्षात ठेवलं तर ती सोय मोठीच आहे.

आणि सन. माझ्या प्रत्येक रेघेच्या तक्त्यात तीन रकाने सक्तीचे असतात: कधीपासून, कधीपर्यंत, कशावरून. मोडी कागदावर ‘इहिदे सबैन अलफ’ असलं की तो शुहूर सन 1071. त्यात जून ते डिसेंबरसाठी 599 आणि पुढच्या महिन्यांसाठी 600 मिळवायचे, म्हणजे 1670-71. दख्खनी फसलीत 590 मिळवून साधारण काम भागतं. बिघ्याचा एकर करताना मात्र आधी काठी कुठली ते पाहा. पाच हात पाच मुठींची काठी सगळीकडे चालत नव्हती, आणि काठी बदलली की काठीच्या वर्गाने बिघा बदलतो. त्या प्रबंधातला अर्धा गोंधळ इथलाच होता. मुलीने तो निस्तरला. प्रकरण टाकून दिलं आणि त्याजागी गाववार तक्ता दिला, नकाशाशिवाय. परीक्षकांना तो कोरडा वाटला म्हणे. मला विचाराल तर साऱ्या प्रबंधात तेवढाच भाग उद्या कुणाच्या कामाला येईल.

तुमच्या गावाचं काम सुरू करणार असाल तर भूमि अभिलेख कार्यालयात नकलेचा अर्ज करताना फक्त आपल्या गावाचा नकाशा मागू नका. शिवेला लागून असलेल्या सगळ्या गावांचे मागा, मोजणीच्या सालासकट. फी थोडी जास्त पडेल. आणि गावात कुणाला शिवेवरच्या दगडांची, झाडांची, म्हसोबाची नावं ओळीने सांगता येत असतील तर कार्यालयाच्या आधी त्यांच्याकडे जा. कार्यालयातला कागद पुढच्या वर्षीही मिळेल.